समाजभवनाचा विस्तार : पैसा, पटांगण आणि विश्वास

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, चौरास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धानाच्या पट्ट्यात आसगाव वसले आहे. अशा गावात समाजभवन हा केवळ चार भिंतींचा विषय नसतो. लग्नाची पंगत, तेरवीचे जेवण, डोळे तपासणीचे शिबिर, बचतगटाची बैठक, निवडणुकीचे केंद्र आणि पुराच्या दिवसांत घर सोडावे लागलेल्यांचा आसरा, ही सारी कामे एकाच छपराखाली होतात. गाव वाढते, पंगती वाढतात, आणि एके दिवशी कोणीतरी म्हणतो, “भवन आता अपुरे पडते.” या वाक्याला सहसा कोणी विरोध करीत नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या वाक्यापासून : पैसा कोठून आणावयाचा?

हा प्रश्न आसगावसारख्या खेड्याला जसा पडतो तसाच तो तालुक्याच्या गावातील जैन भवनाला, जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्थानकाला आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या बोर्डिंगांनाही पडतो. रकमेत शून्ये कमी-अधिक असतील, पण वादाचे मूळ एकच असते. एखादी वास्तू सर्वांची आहे असे म्हणताना तिचा खर्च कोणी सोसावा, निर्णय कोणी घ्यावा आणि उद्या ती कोणाच्या ताब्यात राहावी, याचा उलगडा झालेला नसतो.

लोकवर्गणीतून सार्वजनिक वास्तू उभारण्याची परंपरा या परिसराला नवी नाही. पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. त्याच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आढळली. एकाच राजाने सारी वास्तू बांधून दिली असा तो प्रकार नव्हता. निरनिराळ्या उपासकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे शिळा दिल्या आणि त्यांची नोंद दगडावर राहिली. दोन हजार वर्षांनंतरही कोणी काय दिले हे वाचता येते. आजच्या किती संस्थांची देणगी-नोंदवही वीस वर्षांनंतर वाचता येईल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

गावातील सार्वजनिक सभागृहासाठी आज पैसा मिळण्याचे मार्ग अनेक आहेत. ग्रामपंचायतीला घरपट्टी व अन्य करांतून स्वतःचे उत्पन्न असते. केंद्रीय वित्त आयोगाचा निधी थेट पंचायतीकडे येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या कालखंडात त्यातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील ठेवली गेली आणि उरलेली ४० टक्के गावाच्या अन्य गरजांसाठी मोकळी राहिली. ग्रामविकास विभागाचा, लेखाशीर्षाच्या क्रमांकावरून ‘२५१५’ या नावानेच ओळखला जाणारा निधी आहे. आमदारांचा स्थानिक विकास निधी आहे. खासदारांसाठी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झालेल्या योजनेत प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचविता येतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासयोजनेतूनही समाजमंदिरे बांधली जातात. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द प्रकल्पामुळे ज्यांना मूळ गाव सोडावे लागले त्यांच्या नव्या गावठाणांतही शाळा, रस्ते, पाणी आणि स्मशानभूमी यांच्या जोडीने समाजमंदिर ही नागरी सुविधा मानली गेली आहे. लोकांना एकत्र बसण्यासाठी जागा हवी, ही गरज शासनानेही मान्य केलेली आहे.

परंतु सरकारी पैशाला अटी असतात आणि त्या योग्यच आहेत. खासदार निधीतून प्रार्थनास्थळाच्या आत काम करता येत नाही. या निधीतून उभी राहिलेली मालमत्ता सर्व लोकांना खुली ठेवावी लागते. एखाद्या समाजाने सार्वजनिक निधीतून भवनाचा मजला वाढवून घ्यावयाचा आणि नंतर दारावर केवळ आपल्याच समाजाच्या नावाची पाटी लावून इतरांना नकार द्यावयाचा, हे कायद्यात बसत नाही आणि शेजारधर्मातही बसत नाही. पाटी खासगी हवी असेल तर पैसाही खासगी असला पाहिजे. पैसा सर्वांचा घेतला तर किल्लीही सर्वांची झाली, हे सुरुवातीलाच मान्य केले म्हणजे निम्मे वाद मिटतात.

या निधीचा विनियोग ठरविण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरणाऱ्या सभांना अनेक व्यापारी कुटुंबे जात नाहीत. दुकान सोडवत नाही, आणि सभेत आरडाओरड होते अशी तक्रारही असते. नियम मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा भरताना तीही अट राहत नाही. जे घरी बसले त्यांच्यावाचून ठराव होऊ शकतो. नंतर दुकानाच्या ओट्यावर बसून केलेली टीका कार्यवृत्तात नोंदली जात नाही.

आसगावच्या परिसरात या वादाला आणखी एक पैलू आहे. हा झाडीपट्टीचा मुलूख. धान निघाले, दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटके रंगतात. त्यासाठी कोणी वातानुकूलित सभागृह मागत नाही. मोकळे पटांगण असले की मंडप उभा राहतो आणि आसपासच्या गावांतील माणसे गोळा होतात. येथे खरे समाजभवन म्हणजे हे पटांगणच आहे. त्यामुळे सभागृहाचा विस्तार करताना बाजूचे मैदान खाल्ले जाणार असेल, तर ज्या माणसांसाठी विस्तार करावयाचा त्यांचीच जागा हिरावली जाते. शंभर पानांची सोय वाढते आणि हजार माणसांचे बसणे कमी होते. नकाशा मंजूर करताना किती चौरस फूट बांधकाम वाढले हे पाहिले जाते. किती मोकळी जागा गेली, तोही आकडा त्याच कागदावर लिहिला गेला पाहिजे.

समाजाच्या स्वतःच्या विश्वस्त संस्थेने भवन वाढवावयाचे ठरविले तर पैशाचा मार्ग वेगळा आणि जबाबदारी अधिक बारीक असते. जैन परंपरेने या बाबतीत फार पूर्वीच शिस्त घालून दिली आहे. जिनमूर्ती, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका ही दानाची सात क्षेत्रे सांगितली आहेत. मूर्तिपूजक परंपरेत देवद्रव्य वेगळे आणि साधारण द्रव्य वेगळे मानले जाते. देवाच्या निमित्ताने झालेल्या बोलीचा पैसा श्रावकांच्या पंगतीच्या सभागृहाला लावता येत नाही, हे घरातील वडीलधारी माणसे आजही सांगतात. आधुनिक हिशेबशास्त्रात ज्याला विशिष्ट हेतूचा निधी म्हणतात, तोच हा विचार होय. ज्या कारणासाठी पैसा मागितला त्याच कारणासाठी तो वापरावयाचा आणि एका खात्याची तूट दुसऱ्या खात्यातून गुपचूप भरावयाची नाही. विस्ताराच्या उत्साहात ही मर्यादा प्रथम ओलांडली जाते, म्हणून ती प्रथम आठवली पाहिजे.

त्याला कायद्याचीही जोड आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त संस्थांना १९५० चा अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ३६ नुसार संस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, बदलून देणे किंवा बक्षीस देणे यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यावयाची असली तरीही परवानगी लागते. संस्थेसाठी कर्ज काढावयाचे असल्यास विश्वस्तांना तोही निर्णय परस्पर घेता येत नाही. परवानगी फसवणुकीने, चुकीची माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून मिळविली असे आढळले, तर ती मागे घेण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. व्यापारात मालक आपल्या दुकानाचा निर्णय एका रात्रीत घेऊ शकतो. विश्वस्त हा मालक नसतो. इतरांची ठेव सांभाळणारा माणूस जसा वागतो तसे त्याने वागावयाचे असते.

पुण्यातील २०२५ सालच्या प्रकरणाने ही गोष्ट साऱ्या समाजापुढे ठळकपणे मांडली. शिवाजीनगर भागातील मॉडेल कॉलनीत शेठ हिराचंद नेमचंद यांच्या नावाचे दिगंबर जैन बोर्डिंग आहे. सुमारे तीन एकरांच्या त्या जागेत विद्यार्थ्यांचे वसतिगृह आणि जिनमंदिर आहे. बाहेरगावाहून शिकण्यास आलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी तेथे आसरा घेतला. इमारती जुन्या झाल्या, त्यांचा पुनर्विकास व्हावा आणि त्यासाठी पैसा उभा राहावा, हे कारण पुढे आले. जागेचा व्यवहार २३० कोटी रुपयांना ठरला. एप्रिल २०२५ मध्ये धर्मादाय आयुक्तांची परवानगी मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये खरेदीखत झाले. त्यानंतर समाजातून तीव्र विरोध उमटला. माजी विद्यार्थी, साधुसंत आणि सामान्य समाजबांधव एकत्र आले. विषयाला राजकीय रंगही चढला. शेवटी विकासकाने माघार घेतली आणि ऑक्टोबरअखेरीस परवानगी रद्द झाली.

या प्रकरणात कोणाचे किती चुकले याचा निवाडा करण्याचे हे स्थान नाही. व्यापारी कुटुंबांनी त्यातून घ्यावयाचा बोध मात्र स्पष्ट आहे. परवानगी एप्रिलमध्ये मिळाली आणि वादाचा भडका ऑक्टोबरमध्ये उडाला. कागदावरील प्रक्रिया आणि समाजाची संमती या दोन गोष्टी वेगवेगळ्या मार्गांनी चालल्या होत्या. ज्यांच्या नावाने संस्था चालते त्यांना मोठा निर्णय शेवटी कळला, तर निर्णयाचा हेतू कितीही चांगला असो, विश्वास तुटतो. शिवाय सार्वजनिक जागा विकून इमारत बांधणे म्हणजे मुद्दल मोडून घर रंगविणे होय. इमारतीचे आयुष्य पन्नास-साठ वर्षांचे असते. शहरातील जमीन एकदा गेली की ती पुन्हा घेण्याची ऐपत कोणत्याही समाजाला सहसा उरत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. पुढे १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. त्या कामाला पैसा कमी पडे. पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले. भाऊरावांनी ‘मुष्टिफंड’ सुरू केला. घरातील गृहिणीने स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढावयाचे आणि ते संस्थेला द्यावयाचे.

मुठीत धान्य ते किती मावणार? पण त्यामुळे जे घडले ते मोठ्या देणगीने घडले नसते. ज्या घरातून मूठ गेली त्या घराला वसतिगृह आपले वाटू लागले. मोठ्या देणगीदाराचे नाव संगमरवरावर लागते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या संस्थेचा सारा खर्च तीन-चार घरे उचलतात, तेथे सभेतही त्याच तीन-चार घरांचा आवाज ऐकू येतो. लहान दुकानदार, नोकरदार, विधवा भगिनी आणि भाड्याच्या घरात राहणारे तरुण कुटुंब गप्प बसते. प्रत्येक घराने महिन्याला १०० रुपये जरी दिले, तरी विचारण्याचा अधिकार प्रत्येक घराला मनापासून वाटू लागतो.

आता हिशेबाकडे वळावे, कारण या वादात सर्वाधिक दुर्लक्ष त्याकडेच होते. विस्ताराचे आवाहन छापले जाते तेव्हा त्यात फक्त बांधकामाचा आकडा असतो. समजा, विस्ताराचा खर्च ४० लाख रुपये आहे. वीजबिल, पाणी, राखणदार, सफाई, विमा, रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला ३ लाख रुपये लागतील असे धरावे. इमारतीचे आयुष्य ४० वर्षे धरले तर दरवर्षी १ लाख रुपये घसारा म्हणून बाजूला ठेवले पाहिजेत. म्हणजे वर्षाची गरज ४ लाख रुपये झाली. दिवसाचे भाडे ८,००० रुपये असेल तर वर्षातून ५० दिवस भवन भाड्याने गेले तरच जमाखर्च जुळतो. प्रत्यक्षात ३० च दिवस गेले तर २ लाख ४० हजार मिळतील आणि दरवर्षी १ लाख ६० हजारांची तूट येईल. ही तूट व्याजातून भागवावयाची असेल आणि ठेवीवर साडेसहा टक्के व्याज मिळत असेल, तर सुमारे २५ लाख रुपयांचा कायम निधी हवा. म्हणून खरे आवाहन ४० लाखांचे नसून ६५ लाखांचे असावयास हवे. पहिला आकडा उत्साहाने गोळा होतो. दुसरा आकडा कोणी सांगत नाही, आणि पाच-सात वर्षांत गळके छप्पर त्याची आठवण करून देते.

तूट भरून काढण्यासाठी भाडे वाढवू, असे सहज म्हटले जाते. तेथेही कराचा विचार करावा लागतो. आयकर कायद्याखाली नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेच्या धार्मिक स्थळाच्या आवारातील सभागृहाच्या भाड्याला वस्तू व सेवा करातून सूट आहे. परंतु दिवसाचे भाडे १०,००० रुपये किंवा अधिक झाले की ती मिळत नाही. मग संस्थेची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपलीकडे जात असेल तर कर लागू होतो. देणगीदारांनाही काही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी वजावट २,००० रुपयांवरील रोख देणगीला मिळत नाही, आणि नवी करप्रणाली स्वीकारलेल्या करदात्याला ती मिळतच नाही. सवलतीच्या अपेक्षेने आकडा लिहिणारे नंतर हात आखडता घेतात आणि बांधकाम अर्ध्यावर थांबते. त्यापेक्षा कमी आकडा, पण खात्रीचा, हाच संस्थेच्या हिताचा असतो.

विस्ताराला विरोध करणाऱ्यांचे सर्वच म्हणणे कंजूषपणाचे असते असेही नाही. लहान गावांतील तरुण शिक्षणासाठी आणि व्यवसायासाठी नागपूर, पुणे, रायपूरकडे जात आहेत. पर्युषणाचे आठ-दहा दिवस, एखादा चातुर्मास आणि लग्नाचे मोजके मुहूर्त सोडले तर भवन रिकामे असते. ज्या वर्षी बाजार मंदीत असतो त्या वर्षी वर्गणीचा आग्रह हा अनेक घरांना भार होतो आणि तो भार बोलून दाखविण्याची लाज वाटते. विस्ताराच्या बाजूनेही तितकेच सबळ कारण आहे. जागा नसली की गरीब घरातील लग्न महागड्या खासगी मंगल कार्यालयात करावे लागते आणि त्यापायी कर्ज होते. मुलींना अभ्यासाला शांत खोली नसते. वृद्धांना दुपारी चार माणसांत बसावयास जागा नसते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणूनच मोठ्या आवाजाने निर्णय करता येत नाही.

वर्षभराची एक साधी नोंदवही या वादात फार उपयोगी पडते. भवन कोणत्या दिवशी, कशासाठी, किती माणसांसाठी वापरले गेले आणि कोणाला जागेअभावी नकार द्यावा लागला, एवढेच त्यात लिहावयाचे. नकाराचे दिवस अधिक भरले तर विस्तार हवा हे सिद्ध होते. रिकामे दिवस अधिक भरले तर आहे तीच जागा अभ्यासिका, वाचनालय, दवाखान्याचे साप्ताहिक शिबिर किंवा महिलांच्या उद्योगासाठी खुली करावी. कित्येकदा नवा मजला लागतच नाही. चांगले स्वयंपाकघर, दोन स्वच्छ शौचालये आणि वृद्धांसाठी उतार एवढ्याने काम भागते. ही नोंदवही ठेवण्याचे काम समाजातील भगिनींकडे द्यावे. भवनात काय कमी आहे हे पंगतीत बसणाऱ्यांपेक्षा पंगत वाढणाऱ्यांना अधिक कळते.

सभेपुढे विषय येईल तेव्हा चार कागद प्रत्येक घरी आधी पोहोचलेले असावेत : वापराची नोंद, बांधकाम व देखभाल या दोहोंचा अंदाज, पैसा कोणत्या खात्यातून येणार याचा तक्ता, आणि जागेची मालकी व मोकळ्या जागेचा नकाशा. प्रश्न विचारणाऱ्याला विरोधक समजू नये. व्यापाऱ्याच्या पेढीवर मुनीम दरवर्षी मालकाला हिशेब दाखवितो, त्यात मालकाचा अविश्वास नसतो आणि मुनिमाचा अपमानही नसतो. भवनाच्या बाबतीत सारा समाज हा त्या मालकाच्या जागी आहे.

विस्तार मंजूर झाला तर नामफलकावर मोठ्या दात्यांबरोबर मुष्टिफंडातील घरांचीही नावे यावीत. नामंजूर झाला तर त्याची कारणे कार्यवृत्तात स्वच्छ लिहावीत, म्हणजे दहा वर्षांनी हा विषय पुन्हा निघेल तेव्हा पुढच्या पिढीला आरंभापासून भांडावे लागणार नाही. पवनीच्या टेकडीवरील दगडांनी आपल्या दात्यांची नोंद दोन हजार वर्षे सांभाळली. समाजाच्या वहीने आपली नोंद निदान एका पिढीपुरती तरी सांभाळावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.